बाळाशेजारची जागा

बुधवार, ६ तारीख

वादळ येणार म्हणे. येऊ दे. या घरात दोन दिवसांपासून जे चाललंय त्यापुढे ते बिचारं आणखी काय करणार!

सकाळी भोंग्याची गाडी फिरून गेली. आतला माणूस नुकताच जेवून उठल्यासारखा बोलत होता — सखल भागातील रहिवाशांनी आवश्यक ती तयारी ठेवावी. आवश्यक ती म्हणजे कोणती, ते गुलदस्त्यात. मी खिडकीतून विचारलं, निघायचं कधी? तर म्हणतो, "मावशी, घोषणा ऐका." अरे, ऐकूनच विचारतेय ना!

लगेच वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड गृहस्थ जिन्यात येऊन उभे. मी त्यांना हवामानखातं म्हणते. त्यांचा उजवा गुडघा दुखला की पाऊस, डावा दुखला की वारा. आज म्हणाले, दोन्ही शांत आहेत, वादळ वळणार. गेल्या खेपेलाही दोन्ही शांत होते आणि आमच्या स्वयंपाकघरात घोट्याच्या वर पाणी होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, ते पाणी नाल्याचं होतं, आकाशाचं नव्हे. वा! मग पायपुसणं वेगळं वापरायला हवं होतं.

मुलगा दुकानातून लवकर आला, दोन मोठी खोकी घेऊन. मला वाटलं मेणबत्त्या असतील, बिस्किटं असतील, लहान मूल आहे घरात. उघडून बघते तर चष्म्याच्या फ्रेमा! "आई, दुकानात पाणी शिरलं तर?" शिरलं तर शिरलं. पाच महिन्यांच्या पोरीला घेऊन पळायचंय आणि हा गावाच्या नाकांची काळजी करतोय. जगाला नजर देतो, स्वतःला काही दिसत नाही. बापावर गेलाय.

सूनबाईंची तयारी मात्र जोरात. सूनबाई पाणी उपसा केंद्रात आहेत. नाल्याच्या तोंडाशी ती मोठी पत्र्याची इमारत आहे ना, तिथे. गावाचा आमचा भाग समुद्रापेक्षा खाली, त्यामुळे पावसाचं पाणी आपलं आपण जात नाही. ते पंपाने उचलून भिंतीपलीकडे फेकावं लागतं. ते पंप या सांभाळतात. लोकांना वाटतं माझी सून पेट्रोल पंपावर आहे. मी कोणाला दुरुस्त करत नाही. बाळंतपणाची रजा संपवून गेल्याच महिन्यात रुजू झाली, आणि आता घरीही एक पंप आणलाय — दूध काढायचा. कामावर पंप, घरी पंप. दोन्हींचा आवाज सारखाच, कुत्रं दम लागून धापा टाकतंय असा.

फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आता बर्फ सोडून सगळं आहे. दुधाच्या एवढ्याएवढ्याशा पिशव्या, एकीवर एक. आई घरात, पोर घरात, मध्ये मशीन कशाला? विचारलंच मी. "असू दे आई, अडीअडचणीला." कसली अडचण? गाडीत बसलं की पोर हिच्याच छातीशी असणार. पण नाही. साधं काही करायचं नाही असं व्रत घेतलंय यांनी.


गुरुवार, ७ तारीख

आजचा तमाशा — बाटली.

ठकीचं खरं नाव फार झोकदार ठेवलंय. ते घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून मी ठकी म्हणते. तर ठकीला बाटली पाजायची. का? तर सवय व्हावी म्हणून. आणि पाजायची कोणी? आईने नाही, मी! सूनबाई दाराआड लपणार, कारण आईचा वास आला तर पोर बाटली घेत नाही, असं कुठेतरी वाचलंय. वाचणाऱ्यांचं हेच असतं.

मी बाटली धरली. ठकीने एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि अशी किंचाळली की हवामानखात्याने वरून काठी आपटली. तिचं काय चुकलं? आई घरात हयात असताना कोणी रबर चोखायला दिलं तर मीही किंचाळेन. "आई, थोडी तिरकी धरा. आई, डोकं वर. आई, आधी ओठाला लावा." मी एक मुलगा वाढवला आहे, म्हटलं. म्हणाली, "हो, पण बाटलीवर नाही ना." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुपारी पाळणा साफ करायला गेले तर गादीखालून काय निघालं? सूनबाईंचा टी-शर्ट. मळका! गळ्याशी घामाचे डाग, पुढे सुकलेल्या दुधाचे. पोरीच्या नाकाशी तो. मी लगेच गरम पाण्यात भिजवला, साबण लावून दगडावर घासला आणि वाळत घातला. चांगला पांढरा झाला. संध्याकाळी तिने तो दोरीवर बघितला आणि बघतच राहिली.

"आई, तो मी मुद्दाम ठेवला होता."

"मळका?"

"हो. मळकाच."

दोरीवरून काढला, अंगात घातला आणि तोच घालून पोरीशेजारी झोपली. घरात कपड्यांचा काय दुष्काळ पडलाय? आता पुन्हा मळवणार, पुन्हा पाळण्यात कोंबणार. मी हात टेकले.


शुक्रवार, ८ तारीख

आज व्याही आले. सुनेचे वडील. एकटेच असतात, त्यांच्या चाळीत पाणी शिरतं, म्हणून आपल्याबरोबर येणार. उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. खिडकी वादळात टिकेल का ते बघायला स्टुलावर चढले आणि पडले. म्हणजे वादळ अजून समुद्रात, आणि हे आधीच उन्मळून पडले. येताना बरोबर भिंतीवरचं मोठं घड्याळ आणलं आहे. बंद पडलेलं! "विहीणबाई, वडिलांची आठवण." वडिलांना तरी बरोबर वेळ कळत होती का, विचारणार होते. पण पाहुणे आहेत.

जेवणं झाल्यावर मुलगा गाडीत बाळाची खुर्ची बसवायला गेला. मी ओसरीत बसून बघत होते. कोणी मला विचारलं नाही, पण जागा मोजणं हा माझा धंदा. सगळी उमर मी सिनेमाच्या तिकीट खिडकीवर काढली. आता तिथे पलंग-कपाटांचं दुकान झालंय, पण डोळे मिटले की मला अजून सगळं थिएटर दिसतं. कुठली खुर्ची तुटकी, कुठल्या खांबामागून पडदा अर्धाच दिसतो. खिडकीच्या त्या भोकातून माणसाचा फक्त हात दिसायचा, आणि हातावरून मी सांगायचे, हा बाल्कनीवाला, हा स्टॉलवाला.

तर गाडी. आमची गाडी म्हणजे साबणाची डबी. पुढे मुलगा चालवणार. त्याच्या शेजारी व्याही — प्लास्टरचा पाय लांब करायला त्यांची खुर्ची पार मागे सरकवावी लागते. म्हणजे त्यांच्या पाठीमागची जागा गेली. तिथे फक्त खोकं मावतं. मुलाच्या पाठीमागे बाळाची ती सिंहासनासारखी खुर्ची. मध्ये उरली एक जागा. बाळाशेजारची.

एक जागा. आणि माणसं उरली दोन. मी आणि सून.

पोर दूध पितं कोणाचं? माझं नव्हे. झाला हिशेब. हाऊसफुल्ल.

मला वाटलं, काहीतरी करतील. एखादी दुसरी गाडी बघतील. सरकारी बसचं विचारतील, पण त्या सगळ्या आधी पुलापलीकडच्या बेटावरच्या लोकांना काढायला गेल्यात, हे भोंगेवाल्याने सांगितलंच होतं. मग संध्याकाळी सूनबाई आतल्या खोलीत दूध काढत बसल्या होत्या, मुलगा तिथे होता, आणि मी धुतलेली दुपटी ठेवायला गेले. दार लोटलेलं. त्या मशीनच्या घरघरीत सगळं ऐकू आलं नाही. जेवढं आलं तेवढं पुरलं.

मुलगा — "आईला सांगायचं कधी?"

सून — "शेवटच्या क्षणी. आधी सांगितलं तर घर डोक्यावर घेतील."

मग घरघर. मग मुलगा — "जागाच एक आहे ना." त्याचा आवाज कापरा.

सून — "मग? एकाने इथे राहायचंय हे ठरलंय. आता रडून काय उपयोग!"

मी दुपटी तिथेच दारात ठेवली आणि परत आले.


शनिवार, ९ तारीख

झोप लागली नाही. नको ते आठवत राहिलं.

शेवटच्या रांगेतली कडेची एक खुर्ची मी कधी विकत नसे. सिनेमा सुरू होऊन नावांच्या पाट्या पडेपर्यंत ती राखून ठेवायची. मॅनेजर तणतणायचा, ब्लॅकवाले दात ओठ खायचे. पण धापा टाकत येणारं कोणीतरी असतंच. पोटुशी बाई. ड्यूटी संपवून आलेला कंपाउंडर. एकदा एक म्हातारा आला होता, नुसतं अंधारात बसायचं होतं त्याला. त्यांना मी ती खुर्ची द्यायचे. कोणी का असेना, शेवटी आलेल्या माणसालाही जागा असली पाहिजे, असं मला वाटायचं.

आणि माझ्यासाठी? हाऊसफुल्ल! आणि ते सांगायचीसुद्धा हिंमत नाही. गरज सरो, वैद्य मरो. पाच महिने पोरीला तेल लावलं, अंघोळी घातल्या, शी-शू काढलं, तेव्हा आई हवी होती.

मीही कच्च्या गुरूची चेली नाही. ठरवलं. त्यांनी सांगायच्या आधी मीच सांगणार — मी येत नाही. मला सोडून जायचं सुख त्यांना मिळू द्यायचं नाही.

हवामानखात्याला जिन्यात विचारून ठेवलं, मी तुमच्याकडे वर येऊन बसले तर चालेल का. म्हणाले, "अवश्य या, वादळ वळणारच आहे." त्यांच्याकडे एक तक्क्या आणि बुद्धिबळाचा पट आहे. मरायला एवढं पुरे.


शनिवार, संध्याकाळ

जखमेवर मीठ चोळायची यांची पद्धत बघा. सूनबाईंनी मला गाडीपाशी नेलं आणि बाळाच्या खुर्चीचं बकल लावायला शिकवलं! "आई, आधी हा पट्टा, मग हा, मग मधलं लाल बटण. तुम्ही करून दाखवा." मी केलं. "पुन्हा करा." पुन्हा केलं. "आता डोळे मिटून." डोळे मिटून! मी काय सर्कशीत काम करते? जी गाडी मला सोडून जाणार तिचं बकल मला शिकवतायत. निघताना हमाली करायला कोणी हवं ना. पोर बसवा, पट्टे आवळा आणि टाटा करा.

बर्फाची मोठी पेटी आणली आहे. दूध कोमट कसं करायचं, तेही मला दाखवलं. उकळायचं नाही, गरम पाण्यात बाटली उभी करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. मी म्हटलं, "मला कशाला? तू आहेस ना." तिने तोंड फिरवलं आणि बाटल्या धुवायला लागली. धुतलेल्याच बाटल्या.

मग मी विचारलं, "रजा मिळाली का गं?" कामावरून फोन फार येतात. तिकडचे साहेब दिवसातून चारदा. ती म्हणाली, "बघू." बघू म्हणजे मिळाली. मिळाली नसती तर आदळआपट केली असती. रजा मिळाल्याचा आनंद लपवतेय, कारण मला राहायला लावताना आनंद दिसला तर बरं दिसत नाही. मी काय आज जन्मले?


रविवार, १० तारीख

आज ठकीने बाटली घेतली.

सांगते कसं ते. सकाळी पुन्हा त्याच किंचाळ्या चालू होत्या. चार दिवस झाले, पोर बाटली बघितली की धनुष्यासारखी वाकते. मला इतका वैताग आला की तोंडातून आपोआप खिडकीवरचा आवाज निघाला — "बाल्कनी फुल्ल! स्टॉल दोन शिल्लक! सुटे पैसे द्या, ढकलू नका!" तो नाकातला, एकसुरी आवाज, गर्दीच्या वर जाणारा. ठकी गप्प. डोळे हे एवढाले. मी पुन्हा म्हटलं, "बाल्कनी फुल्ल, मागे सरका." आणि बाटली ओठाला लावली. घेतली! चुटूचुटू प्यायला लागली. मी थांबले की ती थांबायची. मग मी सगळा आठवडा विकला. तिन्ही खेळ. ॲडव्हान्स बुकिंगसुद्धा. बाटली रिकामी झाली आणि माझ्या दंडावर ढेकर देऊन मांडीवर झोपली बया.

वर बघते तर दारात सूनबाई. म्हटलं आता खूष होईल, चार दिवस हेच तर हवं होतं. तर ओठ दाबले, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नळ चालू. हेवा! दुसरं काय? पोर आपल्याशिवाय प्यायलं याचा हेवा. आधी मागे लागायचं आणि मिळालं की रडायचं. नाचता येईना, अंगण वाकडं.

आता उद्या हे पोर घेऊन जाणार. हा आवाज कोण काढणार तिकडे? मुलगा? त्याला गिऱ्हाईकाला किंमत सांगताना घाम फुटतो.

मांडी अजून गरम आहे.


सोमवार, ११ तारीख

भोंगेवाल्याची झोप उडाली. आज ओरडतोय. उद्या दुपारच्या आत सखल भाग रिकामा करायचा. वरच्या गावात शाळा उघडून दिल्यात, आमची शाळाही ठरली. समुद्र मळकट दिसतोय, आणि भिंतीवरून पाण्याचे शिंतोडे रस्त्यावर यायला लागलेत. हवामानखात्याचा डावा गुडघा आज दुखला. पण ते म्हणतात, थोडाच.

जेवताना मी सांगून टाकलं. अगदी सहज, मीठ मागितल्यासारखं. "मी काही येत नाही. मी वर बसेन. तुम्ही जा."

मला वाटलं, सुटकेचा नि:श्वास ऐकू येईल. मुलाच्या हातातला घास ताटात पडला. सूनबाईंचा चेहरा पांढराफटक.

"आई, तुम्हाला यावंच लागेल."

"का? सामान कोण उचलणार म्हणून?"

"आई, मी हात जोडते. काय वाटेल ते बोला मला, पण नाही म्हणू नका."

आणि खरंच हात जोडले. खरकट्या हाताने! मुलगा म्हणाला, "आई, अगं ती —" तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. "उद्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी." उद्या काय? उद्या गाडीच्या दारात उभं करून सांगणार, आई जागा नाही हो, इलाज नाही. म्हणजे मनधरणीही झाली आणि राहिलीही म्हातारी. एवढं नाटक मी पडद्यावरही बघितलं नाही, आणि मी ते फुकट बघत असे.

व्याही प्लास्टर कुरवाळत म्हणाले, "विहीणबाई, चला हो. तुम्ही असलात की माझ्या जिवाला घोर नाही." त्यांच्या जिवाचा माझ्याशी काय संबंध? मग म्हणतात, "माझी पोरगी माझ्यासारखीच फिरलेल्या डोक्याची. मी किती समजावलं." कसलं समजावलं? मला सोडू नका म्हणून? म्हणजे बंद घड्याळवाल्याला माझी दया आली. एवढेच दिवस बघायचे राहिले होते.

मी ताट उचललं आणि उठले. पिशवी भरलेली नाही. भरणारही नाही.


मंगळवार, १२ तारीख, सकाळ

घरातले कपडे घालून बसले आहे. केस विंचरलेत, उगीच गबाळं दिसायला नको. वारा दारांना धक्के देतोय. अंगणातला पत्रा रात्रीच कुठेतरी गेला.

खिडकीतून दिसतंय. मुलगा गाडी भरतोय. फ्रेमांची खोकी भरली, मग काढली, मग एकच भरलं. देवाने थोडी तरी अक्कल उशिरा पाठवली. बर्फाची पेटी व्याह्यांच्या मागे. घड्याळ त्यांच्या मांडीवर, लेकराला धरावं तसं धरलंय. सिंहासन त्याच्या जागी. आणि शेजारची ती एक जागा, रिकामी, त्यावर ठकीचं पिवळं दुपटं टाकलेलं. रुमाल टाकून जागा अडवतात तसं.

बोलायचं वाक्य तयार आहे — माझी काळजी करू नका, पोहोचलात की कळवा. आवाज कापता कामा नये. खिडकीवरचा आवाज काढीन.

खरं सांगायचं तर वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. वादळाची भीती नाही. पण ठकी तिकडे उपाशी किंचाळेल आणि कोणाला बाल्कनी फुल्ल म्हणता येणार नाही, हे डोक्यातून जात नाही. आणि एकदा कोणी खरं खरं म्हणायला हवं होतं, की आई, तुम्ही बसा.

हॉर्न वाजला.

सून आत येतेय, ठकीला घेऊन. निरोप घ्यायला. घेऊ दे. एकदाचं संपू दे.


बुधवार, १३ तारीख

वरच्या गावातली शाळा. दुसरीच्या बाकावर बसून लिहितेय, गुडघे हनुवटीला लागलेत.

निरोप घ्यायलाच आली होती. पण माझा नव्हे. ठकीला माझ्या हातात दिलं, तेव्हा मी तिच्या पायांकडे बघितलं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. कामावरचे. म्हणाली, "केंद्रावर दोनच माणसं उरलीत, आई. पंप थांबले तर सगळा खालचा भाग जाईल. आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं नसतं." नसतंच दिलं. दाराला कडी घालून बसले असते. मग म्हणाली, "बाळाशेजारची जागा पहिल्यापासून तुमचीच होती."

मूर्ख मुलगी. असं म्हणायचं होतं तिला, पण मी ठकीला घट्ट धरून गाडीत जाऊन बसले.

मुलगा सगळ्या वाटेने चष्मा पुसत होता. बकल मीच लावलं. डोळे मिटून.

ठकी दोनदा बाटली प्यायली. टी-शर्ट तिच्या उशाशी आहे. मळका आहे, घामाचा आणि दुधाचा वास मारतोय. मी तो धुतलेला नाही. कोणाला धुऊही देणार नाही.

बाहेर छपरं उडतायत. फोन लागत नाही. रेडिओवाला म्हणतो, खालच्या भागात पाणी अजून चढलेलं नाही.

म्हणजे पंप चालू आहेत. म्हणजे ती आहे.